गीझरची गुट्टी

अप्पा, तुम्ही बसवलेला गीझर फुटला. कुणाला लागलं नाही हे आधी सांगतो, कारण तुम्ही असतात तर पहिल्यांदा तेच विचारलं असतंत आणि त्यानंतर लगेच, पाणी किती वाया गेलं ते. होतं तेवढं सगळं गेलं. तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली. या वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळदा बोललोय, पण भांडलो कधीच नाही. तुमच्यासमोर भांडायची छाती नव्हती आणि तुमच्या मागे भांडायला कारण नव्हतं. आता कारण मिळालंय, तर समोर तुम्ही नाही. म्हणून कागद घेऊन बसलोय. अव्वा पलीकडे शेंगा फोडत बसलीय. तिला वाटतंय लेकानं कारखान्याचं काही काम घरी आणलंय.

तो गीझर तुम्ही आणलात तो दिवस मला चांगला आठवतो. मिल कायमची बंद झाली आणि तुमच्या हातात जे काय आलं, त्यातून तुम्ही छपराचे पत्रे बदलाल असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही रिक्षातून उतरलात ते खोकं पोटाशी धरून. माझी लेक तेव्हा सव्वा महिन्याची होऊन आजोळहून आली होती. न्हाणीत तांब्याचा बंब होता. अव्वा पहाटे उठून त्यात तुराट्या घालायची आणि दिवसभर डोळे चोळत फिरायची. तुम्ही खोकं खाली ठेवून म्हणालात, "माज्या नातीला धुरात न्हाऊ घालायचं न्हाय." वायरमन बोलावला नाहीत. मिलमध्ये उभा जन्म फिटर म्हणून काढलेला माणूस दुसऱ्याला भिंतीला हात लावू देईल होय? तुम्हीच भोकं पाडलीत, तुम्हीच पाइप जोडलेत, आणि दुसऱ्या दिवशी त्या पाण्यानं अंघोळ करून, विभूती लावून लिंगपूजेला बसलात, तेव्हा तुमच्या तोंडावर असं समाधान होतं की आम्ही पत्र्यांचं नाव काढलं नाही.

मग ते ठिपकणं सुरू झालं. गीझरच्या बुडाशी एक छोटी पितळी तोटी असते, सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात तिला. पाणी तापलं की तिच्यातून थेंब पडायचे. तुम्ही न्हाणीत स्टूल टाकून त्या थेंबांकडे बघत बसलात, दारात चोर पकडायला बसावं तसे. आपल्या गल्लीत नळ चार-चार, पाच-पाच दिवसांनी येणार, त्याआधी तर बोळाच्या तोंडाच्या नळावरून अव्वानं हंडे वाहिलेले. अशा घरात पाणी असं आपल्या मनानं सांडतंय, हे तुम्हाला बघवेना. तुम्ही कडुलिंबाची काडी तासून गुट्टी केलीत, तिला सूत गुंडाळलंत, वर सफेदा लावलात आणि तोटीच्या तोंडात ठोकून बसवलीत. ठिपकणं बंद. अव्वाला हाक मारून दाखवलंत. तीही "झालं बाई एकदाचं" म्हणाली.

तेव्हापासून दर दिवाळीआधी तो एक कार्यक्रमच होऊन बसला. अभ्यंगस्नानाच्या आधी गीझर उघडायचा. आपल्याकडच्या जड पाण्यानं कॉइलवर खडूसारखा पांढरा थर धरलेला असायचा. तो सुरीच्या पाठीनं खरवडायचा, कॉइल रात्रभर चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवायची. अव्वा स्वयंपाकघरातून कुरकुरायची, "सारात घालायला चिंच उरत न्हाय आणि ह्येंच्या गीझरला पातेलंभर लागतीया." तुम्ही हसायचात. आणि सगळ्यात शेवटी जुनी गुट्टी उपटून नवी ठोकायची. एका वर्षी, मी नुकता चिंचोळीच्या कारखान्यात लागलो होतो, हाताशी चार पैसे होते, अंगात जरा वारं होतं, मी म्हणालो, "अप्पा, ठिपकू दे की, खाली बादली ठेवू." तुम्ही हातोडी खाली ठेवलीत. आवाज चढवला नाहीत. "थेंब म्हंजी काय, ते तुज्या आईच्या कमरंला विचार," एवढंच म्हणालात. त्या वेळी अव्वा पाटावरून उठताना भिंतीचा आधार घ्यायची. त्या विषयावर मी पुन्हा तोंड उघडलं नाही. तुमच्यानंतरही नाही. दरवर्षी तुमच्यासारखीच काडी तासली, तसंच सूत गुंडाळलं. खोटं कशाला सांगू, ते करताना तुम्ही शेजारी बसल्यासारखं वाटायचं.

यंदा लेक पहिल्या बाळंतपणाला आली. सिझर झालं. त्यात कारखान्यात टॉवेलची ऑर्डर कमी, आठवड्यातले चारच दिवस काम. आणि नेमका त्याच वेळी गीझरचा थर्मोस्टॅट गेला, म्हणजे पाणी तापलं की आपोआप बंद करणारा भाग. इतक्या जुन्या गीझरला तो मिळेना. चौकातला वायरमन म्हणाला, "डायरेक्ट करून देतो, घड्याळ बघून बंद करत जावा." बायको म्हणाली, नवाच घेऊ. मी म्हणालो, बारसं होऊ दे, मग बघू. घरात बाळंतीण, सकाळी बाळाला गरम पाणी, तिला गरम पाणी, शेक-शेगडी. गीझरशिवाय एक दिवस निघत नव्हता. तर डायरेक्ट केला. बटणाखाली खडूनं 'बंद करा' असं लिहूनसुद्धा ठेवलं. पंधरा-वीस दिवस काही झालं नाही. झालं नाही, की माणसाला वाटतं होतच नाही.

त्या दिवशी नळ एक दिवस आधीच आला. नळ अवचित आला की घरात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. बायकोनं बाळाच्या पाण्यासाठी गीझर लावला होता, तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, आणि आम्ही सगळे हातातलं टाकून धावलो. मोटर लावली, पिंपं, घागरी, अगदी कुकरसुद्धा भरायला घेतला. गीझर कुणाच्या ध्यानात राहणार? न्हाऊ घालणाऱ्या मावशी आल्या नव्हत्या, त्याही आपल्या घरी पाणीच भरत असणार. लेकीनं वाट बघितली आणि म्हणाली, आज मीच घालते. न्हाणीत पाट मांडला, बाळाला तेल लावून उघडं केलं, आणि त्याला घेऊन ती आत पाऊल टाकते आहे, तेवढ्यात पिंपातला पाइप निसटला. मी मोटरीपाशी होतो. मी ओरडलो, "अगं, पाइप धर आधी, पाणी चाललंय." ती बाळाला तशीच काखेत घेऊन मागं वळली. तिनं पाइप उचलला आणि न्हाणीत आवाज झाला. पाण्यासाठी मारलेल्या त्या हाकेला काय म्हणावं ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. टाकीचा तळ फाटून उकळतं पाणी आणि वाफ दारातून बाहेर आली. वाफ ओसरल्यावर बघितलं, तर गीझरचा पत्रा पाटावर पडला होता.

गल्ली गोळा झाली. काळ आला होता, वेळ आली नव्हती, असं जो येईल तो म्हणत होता. मी मानही हलवत होतो. मला वाटत होतं, डायरेक्ट केल्यामुळं झालं, म्हणजे माझ्या चालढकलीमुळं. तेवढं सोसायची तयारी मी मनाशी केली होती. मग दुपारी गीझरचा मेकॅनिक आला. शांत माणूस, दाढी पांढरी झालेली. त्यानं फाटलेली टाकी उलटी केली, तोटी हातात घेतली आणि तिच्या तोंडातली काडी नखानं टोकरून बघितली. "ये गुट्टी कौन ठोके?" त्यानं विचारलं. "इसमेंसे टपकनाच होना साब. अंदर जोर बढ्या तो पानी यहांसे निकलता. ये खुल्ला रहता तो टाकी नै फटती." त्याच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. खरं म्हणजे आमच्यापेक्षा तोच जास्त घाबरलेला दिसत होता.

दारात सगळे उभे होते. बायको, लेक, तिच्या खांद्यावर बाळ, आणि भिंतीला धरून अव्वा. रोज सकाळी तुमच्या फोटोला विभूती लावल्याशिवाय ही बाई चहा घेत नाही. मी म्हणालो, "मी." ते खोटंही नव्हतं, गेल्या दिवाळीची गुट्टी माझ्याच हातची होती. लेकीनं माझ्याकडं बघितलं. "पप्पा, मी आत पाय टाकला होता," ती म्हणाली. ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी बाळाला घ्यायला हात पुढं केले की ती त्याला पाजायला घ्यायची. आठ दिवसांत मैंदर्गीहून तिच्या सासूबाई आल्या. भांडल्या नाहीत, माणसं चांगली आहेत. "आमच्यात चुलीवर पाणी तापतंय की, तेच बरं हाय," म्हणाल्या. लेकीला पाच महिने ठेवून, पाळण्यासकट, मानानं पाठवायची होती. ती दुसरा महिना लागता लागता गेली, आणि जीप वळेपर्यंत खिडकीतून फक्त अव्वाकडं बघत होती.

त्या संध्याकाळी अव्वा माझ्याजवळ येऊन बसली. "तू त्येंचं नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं," म्हणाली. "गेलेल्या माणसाला काय लागतंय? तुला लागतंय की." तिच्यासाठी तुमचं नाव लपवलं असं मला वाटत होतं आणि ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, मग हा सगळा खेळ कुणासाठी चालला होता कोण जाणे.

आता तुमच्याशी बोलतो. अप्पा, मला राग आलाय तुमचा. ती तोटी बनवणाऱ्यांनी उगीच बसवली असेल का, हा प्रश्न तुम्हाला एकदाही पडला नाही? मशीनचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस तुम्ही. मी खूप विचार केला, तेव्हा कळलं की तुमच्या लेखी तो भिंतीला टांगलेला बंबच होता. बंबाचं तोंड वर उघडं असतं, त्यात जोर कोंडत नाही, तो गळला की बुजवायचा एवढंच. वडाची साल पिंपळाला लावलीत तुम्ही, आणि इतक्या जिव्हाळ्यानं लावलीत की कुणाला सोलून बघावंसं वाटलं नाही. ज्या नातीला धूर लागू नये म्हणून तो गीझर आणलात, तिला तुम्ही इतकी वर्षं त्याच्याखाली बसवलंत. ती शाळेच्या परीक्षेच्या दिवशी तिथं न्हाली, हळद उतरली तेव्हा तिथं न्हाली. मला आता जुने फोटो बघवत नाहीत.

आणि माझं काय? आमच्या कारखान्यात डाइंगच्या बाजूला बॉयलर आहे. त्याच्या व्हॉल्व्हला लाल रंग दिलाय, वर पाटी आहे, 'हात लावू नये'. त्यातून वाफ फुसफुसत असते आणि कुणी म्हणत नाही की ती वाया चाललीय. पाळीला जाताना रोज मी त्या पाटीखालून जातो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, मी तर वळसाही घातला नाही. तुमची आठवण म्हणून जे जपलं, त्याकडं कधी डोळे उघडून बघितलंच नाही. तुमच्यावर रागवावं तर हे आडवं येतं, आणि स्वतःवर रागवायला गेलो की अव्वाची कमर आठवते. तुमच्या जागी मी असतो आणि बोळाच्या नळावरून हंडे माझ्या बायकोनं वाहिले असते, तर मी वेगळं काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही. राग कुठं ठेवायचा तेच समजत नाही, म्हणून तो दिवसभर माझ्याबरोबर फिरतो.

नवा गीझर आणला. बायकोनं भिशीचा नंबर आधी मागून घेतला, फाटलेली तांब्याची टाकी मोडीत दिली, आणि होता त्याच्या निम्म्या आकाराचा आला. तोटीला मेकॅनिकनं पारदर्शक नळी लावून ती खाली बादलीत सोडलीय. काल लेकीचा फोन आला. नागपंचमीला येते म्हणाली, बाळाला घेऊन, चार दिवस. मग म्हणाली, "पप्पा, तिथं आता काही ठोकलेलं नाही ना?" मी म्हणालो, "नाही गं." "ठिपकतंय?" "ठिपकतंय." "ठिपकू दे," ती म्हणाली आणि बाळ रडायला लागलं म्हणून तिनं फोन ठेवला.

मी न्हाणीत गेलो. नळ येऊन बरेच दिवस झालेत, वरची टाकी तळाला लागलीय. नळीच्या तोंडाशी थेंब धरत होता, पडत होता, पुन्हा धरत होता. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहितो. मी नळीच्या तोंडावर अंगठा लावला, नुसता बघावं म्हणून. ठिपकणं थांबलं, आणि अप्पा, मला बरं वाटलं. अव्वानं बाहेरून दोनदा हाक मारली, तरी मी अंगठा काढला नव्हता.