आत्या, मी लडाखात नव्हतो

आदरणीय सरजाआत्या,

सविनय जयभीम. डोळा कसा हाय आता? पट्टी निघाली का? थेंब वेळच्या वेळी घालतेस, का "घालू की, कुठं पळून चाललेत" म्हणून बाटली फडताळात ठेवून दिलीस? (मंजुश्रीवहिनी, आत्याला पत्र तुम्हीच वाचून दाखवताय, तर एवढं वाक्य जरा दरडावून वाचा.)

परवा जुन्या मोंढ्यात तुझा आदर्श भेटला. मला बघून दचकलाच. म्हणाला, "दादा, तू तर लडाखात हाईस ना?" मी म्हणलं, बाबा, मी मेथी घेऊन राहिलो. मग कळलं, पंधरा दिवसांखाली तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते बी इथंच नांदेडात, माझ्या हापिसापासून दोन किलोमीटरवर! आणि तू सगळ्यांना बजावलंस, "आनंदराजला कळवू नका, पोरगं बर्फात हाय, उगं जीव टांगणीला लागंल त्याचा."

आता कबूलच करतो. प्रवासाच्या मासिकाचा संपादक प्रवास करत नसतो गं. लोक फिरतात, लिहून धाडतात, मी खुर्चीत बसून त्यांची वाक्यं नीट करतो. पण पहिल्या पानावर 'संपादक सध्या कुठे?' अशी चौकट असते. ती आमच्या मालकांची, लातूरच्या शिवकुमारअप्पांची हौस. (माणूस भला, पण हट्टाला पेटला की संपलं.) त्यांचं म्हणणं, संपादक घरी बसलेला दिसला की वाचक बी घरीच बसतो. म्हणून सहा वर्षं मी त्या चौकटीत हिंडून राहिलो. सिक्कीमला होतो तेव्हा मला कांजिण्या निघाल्या होत्या. अंदमानला होतो त्या महिन्यात इथलंच विष्णुपुरीचं धरण बघायला बी सवड झाली नाही. खरा निघालो तो एकदाच, लातूरच्या वाचक मेळाव्याला. वाटेत लोहा गाव गेलं न् पोट ढवळलं. अहमदपूरपर्यंत तर पिशव्या संपल्या. सत्काराला शाल पांघरून घामाघूम बसलो, तर एका बाईंनी विचारलं, हिमालयातल्या घाटात काय वाटतं? मी खरं बोललो, मळमळतं. लई टाळ्या पडल्या.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, आत्या. पण माय गेल्यावर उमरीला मला तू सांभाळलंस. दहावीच्या पेपरांना शाळेबाहेर उन्हात तीन तीन तास उभी राहिलीस, मी नको म्हणत होतो तरी. आणि तुझा डोळा उघडून ठेवला होता तेव्हा मी दोन किलोमीटरवर बसून कुठल्याशा तळ्याचा फोटो निळा करून राहिलो होतो. लई लाज वाटली.

तुझाच,
आनंदराज

ता. क. आदर्शला रागावू नको. मीच खोदून खोदून विचारलं.

आणखी एक ता. क. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात हाय म्हणे. अप्पांशी कडाक्याचं भांडलो. अंक काल छापून झाला, आता माघार नाही. चौकटीत लिहिलंय: 'संपादक सध्या कुठे? नांदेडात, दवाखान्यात, आत्याजवळ.' तारीख तेवढी कळव.