अळंब्यांची जागा

ब्याविस्तोक,
पोलंड, २१ सप्टेंबर

प्रिय कुंदाताईस हेमाचा नमस्कार.

तुझं पत्र आणि मेतकूट दोन्ही पोचलं. पुडी वाटेत फुटली होती, त्यामुळे तुझ्या अक्षराला अजून वास येतो आहे. आम्ही ठीक. वितेकचा रक्तदाब आटोक्यात आहे. थंडी पडली, पण इमारतीतले हीटर अजून सुरू केलेले नाहीत. मी घरात शाल पांघरून वावरते आणि शेजारीण मला बघून हसते. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींना सांग, बांधकामाच्या फोटोत सगळ्या भिंती सारख्याच दिसतात, कुठली खोली कुठली ते कळत नाही. वरची खोली माझ्या नावाने काढायची का, असं तू विचारलं आहेस. त्याचं पुढे लिहिते.

फोन का करत नाहीस म्हणून रागावली आहेस. वितेकला मराठी येत नाही, पण माझा सूर बरोबर कळतो. तुझ्याशी जरा बोलले की तो विचारतो, आज आईशी काय बिनसलं? म्हणून हा कागद.

तर, त्याच्या आईचं. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन नोव्हेंबरात ठरलं आहे. त्या गावीच असतात, जंगलाच्या कडेला, धाकटा रोमेक आणि त्याची बायको ओक्साना यांच्याबरोबर. ओक्साना युक्रेनची. लग्न होऊन तीन वर्षं झाली. माझ्या मनात तिच्याविषयी काही नाही. मुलगी चांगली आहे. जरा मोठ्याने बोलते, दारं आपटते, दुसऱ्याच्या ताटातलं लोणचं उचलते, पण चांगली आहे.

फक्त एक मला कळत नाही. मी इथली भाषा शिकले ती रक्त आटवून. आपल्याला शाळेत आठ विभक्त्या घोटून घेतल्या होत्या, त्यामुळे इथल्या सातांना मी भ्याले नाही. आज कचेरीतली पत्रं पोलिश मुली माझ्याकडून तपासून घेतात. तरी बेकरीत दोन पाव मागितले की काउंटरवरची बाई मान वाकडी करून म्हणते, "किती सुंदर पोलिश बोलता हो तुम्ही." पहिल्या वर्षी मी हे वितेकला कौतुकाने सांगायचे. आता ते ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो. ओक्साना अर्ध्या वाक्यात आपली भाषा घुसडते, उरलेल्या अर्ध्याची मोडतोड करते, आणि तिला आजवर कोणीही म्हणालेलं नाही की किती सुंदर बोलतेस. तिला नुसतं पाव देतात आणि सुटे मागतात. तुला हसू येईल, पण मला तिचा हेवा वाटतो तो याचाच.

सपातांचंही तसंच. इथे घरात शिरलं की जोडे काढून सपाता घालायच्या. दाराशी एक टोपली असते, त्यात पाहुण्यांच्या करड्या सपाता. घरच्यांच्या बाकाखाली. अठरा वर्षं मी त्या टोपलीतल्या करड्या घालते आहे. ओक्सानाच्या लाल सपाता ती आली त्याच आठवड्यात बाकाखाली गेल्या. मला ताट उचलू देत नाहीत. चांगला कप मला, खिडकीजवळची खुर्ची मला. माझ्याशी सासूबाई सावकाश, स्पष्ट, शब्द मोजून बोलतात. आणि तिला, ओक्सानाचं ओक्सांका करून? "ओक्सांका, हे काय बटाटे सोललेत की कोरलेत?" "ओक्सांका, दार, माझं डोकं फुटलं." दिवसभर तोंडाचा पट्टा सुरू. ताई, शिव्या खाणाऱ्या बाईचा कोणी हेवा करतं का?

बरं, आता मूळ गोष्ट. सप्टेंबर म्हणजे इथे अळंब्यांचे दिवस. पाऊस पडून ऊन आलं की अख्खा देश टोपली घेऊन रानात जातो. डॉक्टर असो की गवंडी. वाळवलेल्या अळंब्यांच्या माळा चुलीवर टांगायच्या आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांचं सूप करायचं. त्या सुपाशिवाय सण होत नाही. आणि प्रत्येक घराची आपली एक जागा असते. ती कोणी कोणाला सांगत नाही. भरली टोपली घेऊन येणाऱ्याला विचारलं, कुठे मिळाल्या, तर तो एकच उत्तर देतो, "जंगलात." सख्खा शेजारी असला तरी हेच.

सासूबाईंच्या घरात ही जागा सासू सुनेला दाखवते. त्यांना त्यांच्या सासूने दाखवली. पुरुषांना सांगत नाहीत, दोन पेले पोटात गेले की ते बोलून बसतात म्हणून. वितेकला माहीत नाही, रोमेकलाही नाही. आता खुबा बदलल्यावर सासूबाईंना रानात लांबवर चालता येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. म्हणजे जे काय दाखवायचं ते या पानगळीत. आणि थोरली सून मी आहे.

गेल्या रविवारी आम्ही गेलो तर दाराशी गमबुटांचे दोन ओले जोड उलटे टांगलेले. एक सासूबाईंचा, एक ओक्सानाचा. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून दोघी अळंब्या निवडत होत्या. मी अगदी सहज विचारलं, कुठे मिळाल्या एवढ्या? सासूबाईंनी मान वर केली, गोड हसल्या आणि सावकाश, स्पष्ट म्हणाल्या, "जंगलात, हेमांगी."

मी हसले. पुढ्यातला केक खाल्ला. गाडीत वितेक म्हणाला, तुला काय करायचंय, बाजारात मिळतात की. नवऱ्याला काय सांगायचं? मला त्या अळंब्यांचं काय आहे, सांग. मला तर त्या फार आवडतही नाहीत.

येत्या शनिवारी मी गाडी घेऊन एकटी तिकडे जाणार आहे. मला कचेरीचं काम आहे, असं वितेकला सांगितलं आहे. तू कोणाला बोलू नकोस.

वरच्या खोलीचं राहिलंच. पुढच्या पत्रात.

तुझी
हेमा


ब्याविस्तोक,
१३ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. तू धास्तावून लिहिलंस की असलं काही करू नकोस, पण तुझं पत्र येण्याआधीच मी करून बसले होते. सगळं सांगते, मग हवं तेवढं बोल.

गाडी चर्चच्या मागे लावली आणि कुंपणाआड उभी राहिले. सकाळचं धुकं होतं. दोघी निघाल्या, पुढे काठी टेकत सासूबाई, मागे टोपल्या घेतलेली ओक्साना, डोक्याला लाल रुमाल. मी त्या रुमालावर नजर ठेवून मागून चालले. या वयात सासूचा माग काढते आहे, आई असती तर तिने कपाळावर हात मारला असता. सासूबाईंचा आवाज सगळ्या रानात घुमत होता. "रानडुकरासारखी काय चालतेस? पायाखाली बघ, आंधळे." मी एका झाडाआड उभी राहून ते ऐकत होते. मला कोणी असं आंधळे म्हणत नाही गं.

एका ओढ्यापाशी रुमाल दिसेनासा झाला. मी इकडे गेले, तिकडे गेले, आणि मग पाइनच्या झाडांखाली अळंब्यांचं मोठं रानच्या रान दिसलं. जाड देठाच्या, तपकिरी टोप्यांच्या, एकसारख्या. मला वाटलं, हीच ती जागा. त्या नजरेतून निसटल्या, पण जागा मला सापडली. मी टोपली भरली, वर शाल घातली, आणि घरी येईपर्यंत गाडीत गाणं म्हणत होते.

वितेकने टोपी उलटी करून पाहिली. खाली स्पंजासारखी असेल तर माणूस मरत नाही, एवढं इथल्या पोरालाही माहीत असतं. तो म्हणाला, सुंदर आहेत, आणि कुठे मिळाल्या म्हणून विचारलं. कचेरीच्या कामाचं सोंग विसरून मी म्हटलं, "जंगलात." ताई, ते म्हणताना काय सुख झालं म्हणून सांगू.

रविवारी मी साय घालून त्यांचं कालवण केलं, आले-लसणाचं नावही न घेता, अगदी इथल्या पद्धतीने, आणि पातेलं घेऊन आम्ही गावी गेलो. सासूबाईंच्या टेबलावर मधोमध ठेवलं. मी निवडलेल्या अळंब्या, मी शोधलेली जागा. ओक्सानाकडे मुद्दाम पाहिलं. तिने भुवया उंचावल्या.

सासूबाईंनी पहिला घास घेतला. जरा थांबल्या. गिळला. म्हणाल्या, "फार छान झालंय, हेमांगी. चव वेगळी आहे." आणि दुसरा घास घेतला. वितेक पाणी प्यायला. रोमेक पावाचा तुकडा चघळत खिडकीबाहेर बघायला लागला. आणि ओक्साना रुमालात थुंकली.

"कडू जहर आहे हे," ती म्हणाली. "वेडी आहेस का? चाटून नाही पाहिलंस?"

सासूबाई तिच्यावर खेकसल्या, गप्प बस म्हणाल्या, आणि तिसरा घास उचलला. तेव्हा मी जिभेवर थेंबभर घेतलं. काडेचिराईत परवडलं. हुबेहूब चांगल्या अळंबीसारखी दिसणारी एक कडू जात असते, तिची एक जरी पडली तरी पातेलं वाया जातं. माझी तर टोपलीच त्यांची होती. इथली माणसं रानातच देठाला जीभ लावून बघतात. आणि मी? आईने आपल्याला काय शिकवलंय, देवाला दाखवायच्या आधी चव घ्यायची नाही, उष्टं होतं. परदेशात येऊन मी सगळं सोडलं, मासे खाल्ले, बीटचं सूप प्यायले, पण शिजवताना चव घ्यायला हात अजून उचलत नाही.

पण ताई, मला लाज कडूपणाची वाटली नाही. तिसऱ्या घासाची वाटली. ती बाई माझ्यासाठी विष गिळत होती आणि हसत होती. माझा तोल गेला. मी काय बोलले ते धड आठवत नाही. विभक्त्या कुठच्या कुठे गेल्या, क्रियापदं राहिली, मध्येच मराठी आलं. एवढं आठवतं की मी म्हणाले, मला रागवा. तिला रागवता, मला का नाही? तिला जागा दाखवलीत, मला का नाही? अठरा वर्षं मी टोपलीतल्या सपाता घालते आहे.

मग ओक्साना हसायला लागली. "कुठली जागा? मला ओढ्यापाशी ओंडक्यावर बसवते ही. म्हणते, गावाकडे तोंड करून बस आणि मागे वळलीस तर बघ. टोपली भरून आणते आणि माझ्या हातात देते. मी हमाल आहे, हमाल." हसत होती, पण नाक लाल झालं होतं.

सासूबाईंनी काटा खाली ठेवला. माझ्याशी पहिल्यांदाच भरभर बोलल्या, शब्द न मोजता, आणि मला सगळं कळलं.

"तू जाशील असं मला वाटायचं," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणायचे, आज ना उद्या वितेकला घेऊन ती आपल्या देशात जाईल. तिकडून आलीस की आठवडाभर तुझे डोळे सुजलेले असतात, मी पाहते. ज्याचं घर दुसरीकडे आहे त्याला रागवायचं नसतं. पाहुणा घरात म्हणजे देव घरात. आणि जागा दाखवून काय करू? बॅगेत घालून नेशील?" मग म्हणाल्या, "जाणार आहेस का?"

तुझाच प्रश्न, ताई. तू वरच्या खोलीच्या निमित्ताने विचारलास आणि मी पुढच्या पत्रावर ढकलला. त्यांनी तो कडू ताटावर बसून विचारला. वितेक माझ्याकडे बघत होता. त्यालाही याचं उत्तर माहीत नव्हतं, कारण मलाच नव्हतं.

मी म्हणाले, "नाही."

सासूबाईंनी ताट माझ्याकडे सरकवलं. "मग हे बाहेर फेक. कुत्र्यालाही घालू नकोस, बिचारा मरेल. असलं घाणेरडं काही मी जन्मात खाल्लं नाही. एवढी घोडी झालीस, देठाला जीभ लावायची अक्कल नाही?" आणि दहा मिनिटं थांबल्या नाहीत. मी सिंकशी उभी राहून पातेलं घासत होते आणि ऐकत होते. कोणी मला ताट उचलू नको म्हणालं नाही.

आम्ही त्या दिवशी मुक्काम केला. सोमवारी सकाळी त्यांनी बाकाखालून आपले जुने गमबूट काढून माझ्यापुढे टाकले. डाव्यात पाणी शिरतं. माझ्या खांद्यावर भार टाकून त्या निघाल्या आणि वाटभर बोलत होत्या, सुरी कशी धरतेस, पाय कुठे टाकतेस, आंधळे. ओढा आला तशी टोपल्या घेऊन मागून येणारी ओक्साना सवयीने ओंडक्यावर बसली, गावाकडे तोंड करून. जाताना मी वळून पाहिलं. हातात फोन होता, पण बोट हलत नव्हतं. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? जे माझ्या पोटात इतकी वर्षं दुखत होतं ते तिच्या पोटात दुखताना पाहिलं आणि मला बरं वाटलं. परत येताना वाईटही वाटलं, मी तिच्या हातातली एक टोपली घेतली. पण आधी बरं वाटलं.

जागा कशी आहे ते तुला लिहिणार होते. वर खोडलेल्या दोन ओळी दिसतील, त्या त्याच. लिहिल्या आणि मग विचार आला, टपालातली पत्रं कोण उघडतं कोणास ठाऊक.

तर, वरची खोली. माझ्या नावाने काढू नकोस, ताई. भाऊजींना सांग तिथे मोठी गच्ची करा, तुला पापड वाळवायला होईल. आम्ही येऊ तेव्हा खालच्या बैठकीत झोपू. वितेकला चांगला कप देत जा, मलाही दिलास तरी चालेल, मी काही म्हणणार नाही. पण मला बोलणं मात्र सोडू नकोस. या पत्राचं उत्तर लिहिशील त्यात चांगली खरडपट्टी काढ, मी वाट बघते.

आणि जागा कुठे म्हणून विचारू नकोस. विचारलंस तर तुलाही तेच सांगावं लागेल. जंगलात.

तुझी, तिकडची आणि आता इकडचीही,
हेमा