न निघालेल्या भयपटाचं बक्षीस

प्रिय आणि आदरणीय आत्या,

वाकून नमस्कार (कंबरेच्या डॉक्टरांनी परवानगी दिलीय तितकंच वाकून). तुझी तब्येत कशी आहे? गुडघे, दात, झोप, सगळं सविस्तर कळव. काका ते ऐकू येण्याचं यंत्र कानात घालतात, की अजून खिशातच ठेवतात? आम्ही मजेत आहोत.

आता आनंदाची बातमी. मला बक्षीस मिळालं. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे नंबर काढता काढता मी भयपटांच्या पटकथा लिहिते, हे तुला ठाऊक आहेच (तू त्याला रिकामपणचे उद्योग म्हणतेस). तर पटकथाकारांच्या संघटनेने यंदा अशा भयकथांना बक्षीस द्यायचं ठरवलं, ज्यांच्यावर कुणीच सिनेमा काढलेला नाही. लग्न न जमलेल्या नवरदेवांमधून सर्वांत देखणा निवडावा, तसा हा प्रकार. पण इतकी वर्षं साभार परत येणाऱ्या माणसाला तेवढंही पुष्कळ असतं, आत्या. मी नवी साडी घेतली.

शेवटच्या फेरीत मंचावरून एक प्रवेश वाचून दाखवायचा होता. माझ्या आधी एक दाढीवाले गृहस्थ होते. त्यांच्या पहिल्याच पानावर इतके खून पडले, की दुसऱ्या पानावर बोलायला कुणी उरलंच नाही. माझं भूत कुणाला मारत नाही, ते फक्त घरातल्यांना वळण लावतं. भुताचे संवाद म्हणायला बोलावलेल्या नटीचा घसा नेमका बसला, आणि ते काम माझ्यावर आलं. तोंडातून आवाज फुटेना. पहिल्या रांगेत बसलेले एक निर्माते मोबाइल बघायला लागले. मागे कुणीतरी मोठ्याने जांभई दिली. संपलं सगळं, असं वाटलं, आणि कुठून कोण जाणे, माझ्या तोंडून तुझा आवाज आला.

"पोक काढून बसू नकोस," मी म्हटलं.

सभागृहातल्या सगळ्या पाठी एका झटक्यात ताठ झाल्या. मग मी हळूच विचारलं, "हात धुतलेस का?" निर्मात्यांनी मोबाइल खाली ठेवून स्वतःचे हात पाहिले. मुख्य परीक्षकांनी (यांचा जन्म रक्ताळलेले सिनेमे काढण्यात गेलाय) तोंडातलं च्युइंगगम गिळलं. आमचे हे तर पुढच्या खुर्चीवरचे पाय खाली घेऊन हाताची घडी घालून बसले. निकाल वेगळा लागणं शक्यच नव्हतं.

निर्माते मंचावर येऊन म्हणाले, "बाई, हा सिनेमा मी काढणार." त्यावर संघटनेचे चिटणीस गडबडले. सिनेमा निघणार असेल, तर नियमाप्रमाणे बक्षीस परत घ्यावं लागेल म्हणाले. तोवर ह्यांनी मानचिन्ह पिशवीत घालून पिशवीवर बसकण मारली होती.

काकांना नमस्कार सांग.

तुझी लाडकी भाची

ता. क. : एक सांगायचं राहिलं. निर्मात्यांनी विचारलं, हा आवाज कुणाचा? "माझ्या आत्याचा," म्हणताना मला भरून आलं. ते हळू आवाजात म्हणाले, "गेल्या का?" माझी नुसती मान हलली, आणि ती भलतीकडेच हलली. लगेच सगळं सभागृह तुझ्यासाठी उभं राहिलं. त्या शांततेत "अहो, ती बरी आहे" असं कसं म्हणणार? (ह्यांनी डोळे पुसले. ते उगाचच.)

आता निर्माते येत्या रविवारी सकाळी काकांना भेटून सांत्वन करणार आहेत. तेवढा वेळ तू मैत्रिणीकडे जा, आणि काकांना जरा दुःखी दिसायला सांग.

आणखी ता. क. : ह्यांचं म्हणणं, काकांना ते जमणार नाही. त्यापेक्षा तू घरीच थांब आणि दार तूच उघड. माणूस शुद्धीवर आला, की दुसऱ्या भागालाही हो म्हणेल.