एका नळीची बंदूक

बाबा, तुमची बंदूक आता माझ्या नावावर होणार आहे. दादा म्हणतो त्याचे गुडघे गेले, बांधावरून फिरणं जमत नाही. परवाना मी घेतला नाही तर बंदूक सरकारजमा करायची आणि जांभूळ गावातलं आपलं भात रानडुकरांवर सोडायचं. घ्यायचीच तर जुनी देऊन दोन नळीची घे, असा त्याचा सल्ला. म्हणून गेल्या आठवड्यात ऑफिसातून अर्धी रजा काढून मी उल्हासनगरच्या त्याच बंदुकीच्या दुकानात गेले, जिथे लहानपणी तुमच्याबरोबर गेले होते. तो दिवस अजून दिसतो. तुम्ही पहिली पाळी करून थेट आला आहात, अंगावर कारखान्याचा खाकी शर्ट आहे. सिंधी शेठ काउंटरवर दोन बंदुका ठेवतो. "साईं, दो नली लो. एक चुकली तर दुसरी आहे ना." तुम्ही दोन्ही उचलून पाहता आणि एका नळीची बाजूला घेता. "दुसरी हाय म्हटल्यावर पयल्या बाराला कोन नेम धरतंय?" त्या वाक्याचा मला फार अभिमान होता.

आता तिथे शेठचा मुलगा बसतो. मी दोन नळीची दाखवा म्हटलं तर त्याने मलाच विचारलं, "मॅडम, पहले बताओ, काम क्या है?" मग समजावलं. शिकारीला लांब पल्ल्याची रायफल लागते, पण शिकार तर बंदच. रानात मुक्काम करणारा माणूस हलकी आणि ओलाव्यात न बिघडणारी बघतो. घरात चोर शिरला तर लांब नळी दारातच अडते. "आणि डुकराला?" मी विचारलं. "डुकराला आवाज बस आहे, मॅडम." मला ते ऐकत राहावंसं वाटलं. इतकी वर्षं बंदूक म्हणजे बंदूक, एवढंच मला ठाऊक होतं. त्याने दोन नळीची हातात दिली. ती जड होती. मी खांद्याला लावली तसा तो म्हणाला, "लेफ्टी आहात?" नाही. पण बांधावर तुम्ही डाव्याच खांद्याला लावायचात, मी तेवढंच पाहिलेलं.

घरी येऊन दादाला विचारलं. "अगं, उजवा खांदा गेलेला ना त्यांचा, मशिनवर. जड वस्तू पेलायची नाही." "मग ते नेमाचं?" "शेठसमोर काय सांगणार, खांदा दुखतो म्हणून? आणि नेम कसला? आभाळात बार काढायचे! निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, तीही नेमकी भात पिकल्यावर. मग मुसळ खांद्यावर टाकून फिरायचे. आई म्हणायची, डुकरांना सांगून ठेवलंय काय, आचारसंहिता हाय म्हून?" आम्ही दोघं खूप हसलो.

पण खांद्यामुळे घेतलीत, की एकाच बारावर खरंच तुमचा विश्वास होता? दोन्हीही असेल. विचारायला तुम्ही नाही. मी जुनीच ठेवते आहे. मला ती पेलते, आणि आवाज पुरेसा आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. दादाला आणि ऑफिसात मी भाताचं कारण सांगितलं आहे, आणि ते खरंच आहे. पण त्या दिवशी दुकानात बोट चापावर गेल्यापासून मला बंदूक एकदा उडवून बघायची आहे. डुकरं आली नाहीत तरी.