दगडी पाल्याचा अर्क

श्रीवर्धन, ता. ४ नोव्हेंबर १९५६

चि. शिवदास यास अनेक आशीर्वाद.

जाळं सोडवताना तुझ्या भावोजींच्या उजव्या तळहातात शिंगाळा माशाचा काटा घुसला. हात कोपरापर्यंत सुजलाय, बोटं काळी पडलीत. डॉक्टरांच्या सुया चालू आहेत, उतार नाही. मनगटापासून हात काढू या म्हणतात. हे ऐकत नाहीत. एका हाताने होडी कशी हाकू, म्हणतात. आता सारखं तुझंच नाव. आपल्या दगडी पाल्यातून तू अर्क काढलास, बशीतले जंतू त्याने मेले, असं लिहिलं होतंस ना? तो पाठव. नुसता पाला बांधून पाहिला, गुण नाही. मला फार भीती वाटते रे.

बहिणीवर माया असेल तर उशीर करू नको.

तुझी ताई,
कोकिळा

मुंबई, ता. ८ नोव्हेंबर

ती. कोकिळाताईस शि. सा. न. वि. वि.

काल अंबाजी खलाशाबरोबर बाटली पाठवली, ती भावोजींना पाजू नकोस! तुझं पत्र वाचून माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, प्रयोगशाळेच्या साहेबांनाही न विचारता पाठवली. आज सकाळी प्रयोगशाळेत गेलो, तर अर्क पाजलेले ससे पिंजऱ्यात मरून पडलेले. जंतू मारणाऱ्या द्रव्याबरोबर पाल्यातून काहीतरी जहरीही उतरलंय; ते अजून आम्हाला वेगळं करता आलेलं नाही. तारही केली आहे. आधी तार पोचते की अंबाजी, कोण जाणे. ताई, हात काढायचा तर काढू दे. मी पाया पडतो म्हणून त्यांना सांग.

आशीर्वाद मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
शिवदास

श्रीवर्धन, ता. १९ नोव्हेंबर

चि. शिवदास यास आशीर्वाद.

बाटली आधी आली. मी माझ्या हाताने चमचाभर पाजलं आणि मागोमाग तार. पोस्टमास्तरांनी अर्थ सांगितला तशी मी आत धावले. तारेतलं ह्यांना काही बोलले नाही. मिठाचं पाणी पाजून ओकायला लावलं. तरी अंग गार पडलं, शुद्ध गेली. तशातच मी डॉक्टरांना म्हटलं, काढा हात. जीव वाचला.

पण भीती सरली नव्हती. शुद्धीवर आल्यापासून हे ज्याला त्याला सांगत सुटले, हात गेला पण मेव्हण्याच्या औषधाने जगलो. काल शेजारची सखुबाई तापाने फणफणलेल्या नातवाला खांद्यावर घेऊन आली. एक चमचा दे, म्हणाली. ह्यांनी मला बाटली आणायला सांगितली. मी ती आणली, पण दिली नाही. शेवटी दोघांसमोर तारेत काय होतं ते सांगून टाकलं आणि बाटली परसात रिकामी केली. सखुबाई पोराला छातीशी धरून पळाली.

मग हे म्हणाले, त्याला लिही, पुन्हा कुणाच्या घरी अशी बाटली धाडू नको म्हणावं. फार रागावलेत. डाव्या हाताने घास उचलवत नाही. मी भरवायला गेले तर ताट सरकवलं.

तू ये. शिव्या खायला ये, पण ये. मला एकटीला हे पाहवत नाही.

तुझी,
कोकिळाताई