खालची डावी बाजू

प्रिय ठकू,

हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस. दवाखान्यात असशील तर दार लावून घे, खुर्चीत बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच फोन लावलास तर मी उचलणार नाही.

मंगळवारी मी वृद्धाश्रमात गेलो होतो, चार कवळ्या दुरुस्त करायला. पिशवी टेकवायच्या आतच मुख्य सिस्टरबाईंनी मला सात नंबरच्या खोलीत नेलं. तिथे एक निवृत्त पोस्टमन आहेत. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. गेले पाच आठवडे ते धड जेवत नाहीत. चमचा जवळ आला की तोंड गच्च मिटायचे, नाहीतर भरवणाऱ्या मावशींच्या बोटाला चावायचे. मावशींचं मत, म्हातारा हट्टाला पेटलाय. मग तिथल्या डॉक्टरांनी शांत राहायची गोळी सुरू केली. आता ते चावत नाहीत. नुसते पडून असतात. वजन सहा किलोने उतरलंय.

मी डॉक्टर नाही, हे मला कुणी सांगायला नको. नववीत शाळा सुटली, कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये फरशी पुसता पुसता प्लास्टर कालवायला शिकलो, आणि एकतीस वर्षं लोकांच्या तोंडातल्या रिकाम्या जागा भरतोय. पण बॅटरी धरून तोंडात बघायला पदवी लागत नाही. त्यांचा डावा गाल मी बोटाने जरासा बाजूला केला, तर डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. खालच्या डाव्या बाजूची दुसरी दाढ तुटून गेलीय, मूळ हिरडीत तसंच आणि भोवती पू. उजवी बाजू लुळी म्हणून मावशी भरवतात डावीकडूनच. म्हणजे रोज तीन वेळा चमचा नेमका त्या मुळावर. तूही चावली असतीस.

मी दातांच्या वार्षिक तपासणीची फाइल मागितली. प्रत्येकाचा एक तक्ता, बत्तीस चौकटी, नसलेल्या दातावर फुली. या पोस्टमनकाकांच्या तक्त्यात खालच्या डावीकडच्या तिन्ही दाढांवर फुल्या, उजवीकडच्या तिन्ही शाबूत. प्रत्यक्षात बरोब्बर उलट. कागदावर तिथे दाढच नाही, मग ठणका कसला? म्हणून कुणी डावीकडे पाहिलंच नाही.

आता ही उलटापालट होते कशी, ते तुला माहीत आहे. माणूस समोर असला की त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. नवशिक्याची चूक म्हणून मी सोडूनही दिली असती. पण मी मागच्या वर्षीचा तक्ता काढला. तपासणारा वेगळा, अक्षर वेगळं, आणि तीच चूक. ठकू, दोन माणसं वर्षभराच्या अंतराने एकाच तोंडात एकच चूक बघू शकत नाहीत. ती फक्त उतरवून घेता येते. बारा नंबरच्या आजींची दाढ मार्चमध्ये काढली, तशी नोंद आहे. यंदाच्या जूनच्या तपासणीच्या तक्त्यात ती परत उगवलीय. पंच्याऐंशीव्या वर्षी! सिस्टरबाई हसून म्हणाल्या, डॉक्टरीणबाई भारी हुशार हो, बावन्न तोंडं तपासली आणि हातमोज्यांचा खोकासुद्धा फोडावा लागला नाही. ती डॉक्टरीणबाई माझी मुलगी आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

जूनमध्ये त्या तपासणीच्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला होता. म्हणालीस, बाबा, बावन्न जण जेवणाच्या सुट्टीआधी उरकले. मी मूर्खासारखा शेजारच्या चष्मेवाल्याला जाऊन सांगितलं, बघ, हात कसा चालतो पोरीचा!

सात वर्षांची असताना तू माझ्या बाकावर बसून मेणात दात लावायचीस. एक वाकडा लागला म्हणून मी अख्खी ओळ मोडून पुन्हा लावायला सांगितली, तर आई माझ्यावर चिडली. कॉलेजात गेल्यावर तूही तिच्याच सुरात बोलायला लागलीस, बाबा, तुमचं सगळं अतीच असतं, एवढं कुणी बघत नाही. खरंय बाई. एवढं कुणी बघितलंच नाही.

तुझी बाजूही मी मनात मांडून पाहिली. एकटीला पाठवलं, मदतनीस नाही, म्हातारी माणसं तोंड उघडत नाहीत. मग तसं लिही ना! ‘तोंड उघडलं नाही, तपासणी झाली नाही’ हीसुद्धा नोंदच असते, आणि ती खरी असते. तुझ्या फुल्या बघून मला जेवढा संताप आला, तेवढा कोऱ्या कागदाने आला नसता.

मी कालही दिवसभर तिथेच होतो. बावन्नच्या बावन्न तोंडं पाहिली, नवे तक्ते भरले. तुझे एकोणीस चुकलेत. पण माझ्या कागदाला किंमत शून्य. सिस्टरबाईंनी काकांसाठी मोठ्या रुग्णालयात फोन केला, तर उत्तर आलं, नोंदीप्रमाणे त्या बाजूला काढण्यासारखं काही नाही, दंतवैद्याच्या सहीचा नवा तक्ता पाठवा. फोनवर तू रडली असतीस आणि मी विरघळलो असतो, म्हणून हे लिहून दवाखान्यात पोचवतोय. उद्या सकाळी नऊला आश्रमाच्या दारात ये. साडेनऊपर्यंत आली नाहीस, तर यंदाची आणि मागच्या वर्षीची अशा दोन्ही फाइली घेऊन मी तुझ्या वरिष्ठांकडे जाईन आणि तिथे तुझा बाप म्हणून एक शब्द बोलणार नाही. आलीस, तर माझे तक्ते तुला दाखवणार नाही. स्वतः बघ, स्वतः लिही, जुन्या सह्या स्वतःच्या हाताने खोड. सुरुवात सात नंबरपासून. काकांना तोंड उघडायला सांगण्याआधी त्यांची माफी माग. त्यांना बोलता येत नाही, ऐकू मात्र सगळं येतं.

रागावलेला, तरी तुझाच,
बाबा