उलट्या बसवलेल्या काठ्या

चिमे,

होडी अंगणातच राहू दे, पाण्यात नेऊ नकोस. तिच्या कठड्याच्या भोकांत सध्या चिंध्या कोंबल्यात.

मोठ्या माशांचे गळ दोन्ही बाजूंना लांब पसरावेत म्हणून आणलेल्या त्या काठ्या मी सकाळी उघडून बघितल्या. तू म्हणालीस तेच झालंय. काठी ज्यात रोवतात ती डावी बैठक मी उजवीकडे बसवलीय आणि उजवी डावीकडे. काठ्या पाण्याकडे जायच्या सोडून आत वळून एकमेकींच्या गळ्यात पडतात. दोन्ही बैठका काढून ठेवल्यात. काल माझ्या चार दोस्तांसमोर "तुला काय कळतंय, हो बाजूला" म्हणून तुझ्यावर खेकसलो. ते हसले, आणि तू पाना खाली ठेवून आत गेलीस. ते आठवलं की मान वर होत नाही.

भाजी झाकून ठेवलीय. खारट झालीय, सांभाळून घे.

नवी भोकं मी पाडलेली नाहीत. ड्रिल आणि पेन्सिल तुझ्या टेबलावर आहे. खुणा तू कर, मी नुसता होडी धरून उभा राहीन.

आत्ता धक्क्यावर चाललोय. ते चौघं तिथेच असतील. पोरगी बरोबर होती, हे त्यांना सांगून येतो. चौघांत बोललो ते चौघांतच मागे घ्यायला हवं. तुझ्यासमोर मात्र जीभ रेटेना, म्हणून हा कागद.

बाबा